आठवणीची चिठ्ठी व थांबण्याची संवय

काम जाणणाऱ्या मनुष्याच्या हातून काम कां बिघडतें? ज्ञान कमी पडल्यामुळें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु अनेकदां जें चांगलें ठाऊक असतें तेंच ऐन वेळीं स्मरत नाहीं. तालुक्याच्या कचेरींत गेलेला शेतकरी सातबाऱ्याचा उतारा बरोबर नेतो व आधार कार्ड घरीं विसरतो, एस. टी. चें भाडें जातें व दिवसही जातो. या दोषावर अगदीं स्वस्त असें एक साधन आहे. तें म्हणजे कामाची लहानशी यादी. तिचा उपयोग कसा करावा हें या पाठांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. विमानाचा धडा. ता. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंतील डेटन शहराजवळ राइट फील्ड येथें चार एंजिनांच्या एका नव्या बोइंग विमानाची परीक्षा होती. विमान वर चढलें व लागलेंच कोसळून पेटलें. त्या अपघातामुळें दोघे अनुभवी वैमानिक प्राणांस मुकले. विमान जमिनीवर उभें असतां वाऱ्यानें त्याचीं सुकाणूं हलूं नयेत म्हणून जी कळ लावीत, ती उड्डाणापूर्वीं सोडावयाची राहून गेली होती. यावर उपाय म्हणून वैमानिकांनीं एक यादी केली. उडण्यापूर्वीं, उडत असतां, उतरण्यापूर्वीं व उतरल्यावर काय पाहावयाचें, एवढेंच तींत लिहिलें होतें. पुढें त्याच जातीचीं १२,००० हून अधिक विमानें बांधण्यांत आलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. चूक नवशिक्यांची नव्हती. नवशिका भीतीमुळें जपून वागतो; जुन्या मनुष्याचा हात संवयीनें आपोआप चालतो व मन दुसरीकडे असतें. म्हणून यादीची गरज जाणत्यासही आहे. तींत कमीपणा मानूं नये.

२. रुग्णालयाचा धडा. जागतिक आरोग्य संघटनेनें शस्त्रक्रियेसाठीं १९ कलमांची यादी केली. ती तीन वेळां थांबून वाचावयाची असते: भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं, व रोग्यास खोलींतून बाहेर नेण्यापूर्वीं. रोगी हाच ना? शस्त्रक्रिया याच जागीं ना? सुया व बोळे मोजून पुरे भरले ना? असे हे साधे प्रश्न आहेत. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिची परीक्षा झाली. त्यांत दिल्लीचें सेंट स्टीफन्स रुग्णालय होतें. तिचें फळ जानेवारी २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा १·५ होतें तें ०·८ वर आलें.

परंतु कॅनडांतील ऑंटारिओ प्रांतांत १०१ रुग्णालयांनीं अशी यादी लागू केली असतां म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं, असें २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें. असें कां, याविषयीं जाणत्यांत वाद झाला. पण एवढें उघड आहे कीं, कागदावर खूण करणें निराळें, आणि हात थांबवून डोळ्यांनीं पाहणें निराळें. यादी हें साधन, थांबणें ही संवय. संवयीवांचून साधन म्हणजे खुंटीला टांगलेला कंदील. त्याचा उजेड वाटेवर पडत नाहीं.

३. यादी कशी करावी? (अ) ती लहान असावी. पांच-सात ओळींहून अधिक नको. (आ) जें कधींच विसरत नाहीं तें लिहूं नये. जें राहून जातें व राहिल्यास नुकसान होतें तेंच लिहावें. (इ) जेथें काम तेथें यादी: प्रवासाची दाराच्या आंतल्या बाजूस, गोळ्यांची डब्याच्या झांकणावर, पेरणीची बियाण्याच्या कोठीजवळ. (ई) थांबण्याची वेळ ठरलेली असावी. पेरणीची यादी बैल जुंपण्यापूर्वीं वाचावी, शेतांत पोहोंचल्यावर नव्हे. (उ) ती मोठ्यानें वाचावी व दुसऱ्यानें उत्तर द्यावें. (ऊ) कांहीं विसरलेंच तर कोणावर रागावण्यापेक्षां तेवढी ओळ यादींत घालावी.

ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं पांच बोटांवर पांच गोष्टी मोजाव्या, अथवा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून यादी वाचून घ्यावी. मुलासही तेणेंकरून घरच्या कामाची जबाबदारी कळेल.

यादी विचाराची जागा घेत नाहीं. पाऊस लांबला तर पेरावें कीं थांबावें, हें शेतकऱ्यानेंच ठरवावयाचें. परंतु क्षुल्लक गोष्टींचा भार कागदावर ठेविला म्हणजे मोठ्या गोष्टींचा विचार करण्यास मन मोकळें राहतें. हा लाभ थोडा नव्हे.

अभ्यासासाठीं प्रश्न:

१. गेल्या महिन्यांत आपलें कोणतें काम केवळ विसरल्यामुळें दोनदां करावें लागलें?

२. त्या कामासाठीं पांच ओळींची यादी करा. ती कोठें लावाल, व कोणत्या क्षणीं थांबून वाचाल?

३. आपल्या घरीं ती वाचून दाखविणारा कोण, व उत्तर देणारा कोण?