ते वर्ष गाळू नकोस

चि. बाळ,



आजीच्या स्मरणसभेसाठी तू लिहिलेली पानं मिळाली. भाषा नेटकी आहे, मेहनत दिसते. मंडळीतल्या सगळ्यांना ती आवडतीलही. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आमची आई कुठे चिडलेली नाही, कुठे अडखळलेली नाही. ‘प्रार्थनाशील’, ‘सोशिक’, ‘प्रभूची विश्वासू दासी’ हे शब्द तू असे पेरलेस की नाव बदललं तर ती पानं कुणाच्याही आजीच्या सभेत वाचता येतील. आणि एक अख्खं वर्ष तू गाळलंस.

तुझा धाकटा काका तापाने गेला ते वर्ष. घरात त्याचं नाव कुणी काढत नाही, म्हणून तू टाळलं असशील. मी तेव्हा शाळेत जात होते, मला सगळं आठवतं. रविवारी घंटा वाजली की बाबा आम्हा मुलांना घेऊन उपासनेला निघायचे आणि आई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. जेवणाआधीची प्रार्थना नेहमी तिची असे; ती बाबा करू लागले. मंडळीतले एक वडील समजूत घालायला आले. देवाची इच्छा होती बाई, असं म्हणाले. आई म्हणाली, “मग देवालाच येऊन सांगू दे मला.” त्यानंतर ते आले नाहीत. पाळकबाई मात्र येत राहिल्या. शास्त्रातलं एक वचन त्यांनी तिला ऐकवलं नाही. सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याही खडे वेचायच्या आणि अंधार पडायच्या आत घरी जायच्या.

मग एका रात्री आईने ईयोबाचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. रोज थोडं थोडं. आवाजात भक्ती नव्हती, भांडण होतं. शेवटच्या अध्यायात देव ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर रागावतो, तिथे ती थांबली आणि ती ओळ पुन्हा वाचली. पावसाळा लागल्यावर ती आपणहून उपासनेला आली. साक्ष वगैरे काही दिली नाही, नेहमीच्या जागी बसली. पुढे गावात कुणाचं मूल गेलं की लोक आईला बोलावून न्यायचे, ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनही. ती जाऊन नुसती बसायची. तुझ्या पानांत हे एका वाक्यात आलंय, ‘परोपकारी स्वभाव’ म्हणून. ते त्या वर्षातून आलं होतं, बाळ. वर्ष गाळलंस तर हे कुठून आलं ते वाचणाऱ्याला कळणार कसं?

तू म्हणशील, देवाच्या घरात उभं राहून देवाशी केलेलं भांडण कसं वाचायचं? लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढ आणि पुन्हा वाच. आपल्या मंडळ्यांमध्ये तिच्याइतकी मोठी बाई झाली नाही असं मी मानते, आणि तिने आपला एकही राग झाकला नाही. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्म, घरात सोवळ्याओवळ्याचा कहर, अकराव्या वर्षी लग्न. 1895 च्या फेब्रुवारीत नारायणराव टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळलं. कित्येक वर्षं ती नवऱ्यापासून वेगळी राहिली. तो दुरावा, तो संताप, ते वेड लागायची पाळी येणं, सगळं तिने लिहिलंय. पुढे ती त्यांच्याकडे राहायला गेली तरी लगेच ख्रिस्ती झाली नाही; आपलं सोवळं सांभाळून होती. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलाय, हे तिचं तिला उमगलं, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास सांगतात तो कसा? पणजोबांनी अमुक साली प्रभूला स्वीकारलं, की झालं. पणजीने काय केलं, किती रडली, माहेर तुटल्यावर सणावाराला कुणाकडे गेली, हे कुणी विचारत नाही. जणू नवऱ्याच्या मागोमाग विश्वासही तिच्या घरात आपोआप आला. लक्ष्मीबाईने स्वतःपुरता तो हिशेब चुकता केला. मुलगा देवदत्त याने वडिलांच्या चरित्रासाठी तिच्याकडे आठवणी मागितल्या होत्या. तिने लिहायला घेतल्या आणि ते पुस्तक तिचं झालं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई ती. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. तिने पुढे आणखी 64 अध्याय रचले. भांडून, तपासून मिळवलेल्या विश्वासाला एवढा दम असतो. आई भाकरी थापताना ‘उपासना संगीत’मधली टिळकांची भजनं म्हणायची ते तू लिहिलंस, चांगलं केलंस. पण ती भजनं त्या वर्षात बंद होती, तेही लिही.

आता पानं सुधारायला बसण्याआधी काही कामं कर. मंडळीच्या नोंदवहीत आईच्या आईचा बाप्तिस्मा शोध. नुसतं साल उतरवू नकोस, तिचं आधीचं नाव मिळतं का पाहा. आईचं पवित्र शास्त्र थोरल्या काकाकडे आहे. ईयोबाच्या पानांवर तिने पेन्सिलीने खुणा केल्यात, त्या जशाच्या तशा उतरवून घे. शेजारच्या वाड्यातल्या मावशींना जाऊन भेट. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत, पण त्यांची नात गेली तेव्हा आई त्यांच्याकडे रात्रभर होती. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही, उपासनेच्या भाषेत बसवू नकोस. आणि विशेषणं काढून टाक. एक ‘प्रार्थनाशील’ काढलंस की तिथे आई प्रार्थना कशी करायची ते लिहायला जागा होते: डोळे उघडे ठेवून, हात कामात, मध्येच थांबून कुणाला तरी हाक मारून.

थोरला कदाचित म्हणेल की सभेत हे वाचू नये, लोकांचा विश्वास डळमळेल. त्याचं ऐकून घे, उलट बोलू नकोस. पण सभेत असा कुणीतरी बसलेला असेल ज्याच्या घरात सध्या तेच वर्ष चालू आहे. मला त्याची काळजी जास्त आहे. थोरल्याशी मी बोलेन.

धाकट्या काकाचं नाव पानांत पूर्ण लिही, जन्माच्या सालासकट. सुधारलेली प्रत झाली की सभेच्या आधी मला पाठव.

तुझी,
आत्या