फोन कापला, पण उलटून आलाच नाही?

अगं, थांब. राउटर रीलोड करायचा विचार आधी डोक्यातून काढ. लॉगमध्ये जे काही साठलंय तेही पुसलं जाईल आणि तू परत कोरी पाटी घेऊन बसशील.

बघ, कॉलबॅक म्हणजे आपला मिस्ड कॉलच, फक्त शिस्तीचा. शाखेतला मोडेम फोन लावतो, मुख्य ऑफिसातला सिस्को राउटर उचलतो, नाव-पासवर्ड तपासतो, फोन ठेवतो आणि आपल्या खर्चाने उलटा फोन लावतो. म्हणजे फोन दोन झाले ना? तू दोन्ही एकदम तपासत बसलीस, म्हणून डोकं उठलंय.

जाणारा फोन पटकन उरकू. डीबग कॉलबॅक आणि डीबग पीपीपी निगोशिएशन लाव. टेलनेटवरून आत शिरली असशील तर टर्मिनल मॉनिटर टाक, नाहीतर पडद्यावर काहीच उमटणार नाही. एलसीपीच्या ओळींत कॉलबॅक हा शब्दच नसेल, तर पलीकडून कुणी मागितलंच नाही. मागितलं आणि नाकारलं गेलं, तर इंटरफेसवर पीपीपी कॉलबॅक ॲक्सेप्ट आहे का बघ. पासवर्डच चुकला असेल तर उलट फोन येणारच नाही, त्यात राउटरचा काय दोष?

खरं सांगू का, घोळ बहुतेक वेळा परतीच्या फोनात असतो. लाइनवर मोडेम डायलइन लिहिलंय की मोडेम इनआउट? नुसतं डायलइन असेल तर ती लाइन फोन घेते, लावत नाही. मग त्या यूजरनेमपुढचा कॉलबॅक-डायलस्ट्रिंग वाच. ऑफिसात बाहेरच्या लाइनसाठी शून्य दाबावा लागतो ना? तो नंबरात आहे का? आपण बोटाच्या सवयीने दाबतो, राउटरला कोण सांगणार!

तरी जमेना, तर हाताने फोन लावून बघ. रिव्हर्स टेलनेट कर, पोर्ट म्हणजे 2000 अधिक लाइनचा नंबर. एटी टाक, ओके आलं की एटीडीटी आणि शाखेचा नंबर. इथे लागला आणि कॉलबॅकमध्ये नाही लागला, तर चॅट-स्क्रिप्ट बघायची. त्यात टाइमआउट 30 असेल तर 60 कर, खरखरत्या लाइनवर मोडेमांचं आपसात जुळायला वेळ जातो. आणि काम झालं की ते सेशन सोड गं. मी एकदा तसंच उघडं ठेवून डबा खायला गेले, लाइन अडलेली, आणि वर मीच सगळ्यांना विचारतेय की कॉलबॅक का होत नाही!

फोन ठेवल्या ठेवल्या परत लावायला काही मोडेम तयार नसतात. त्यांच्यासाठी कॉलबॅक फोर्स्ड-वेट देऊन थोडे सेकंद थांबव. शाखेच्या टोकाला दुसरा राउटर असेल तर तिथल्या मोडेमचं एस0 शून्य नाही ना, तेवढं कुणाकडून तरी बघून घे. शून्य असलं की तो आपणहून फोन उचलत नाही, घंटा नुसती वाजत राहते. विंडोजचा संगणक असेल तर ही भानगड नको, तिथे विंडोजच उचलतं.

इतकं तुला सहज जमेल. कुठल्या ओळीवर अडलं ते रात्री कळव, आणि निघायच्या आधी अनडीबग ऑल टाकायला विसरू नकोस.