कडुनिंबाचा शेंडेमर रोग : कुऱ्हाड उचलण्यापूर्वी

सन २०२१ चा पावसाळा सरत असताना हैदराबाद शहरात व तेलंगणातील अनेक जिल्ह्यांत कडुनिंबाची झाडे शेंड्याकडून वाळू लागली. रस्त्याकडेची, शाळांच्या आवारातील व शेताच्या बांधावरील झाडे होरपळल्यासारखी तपकिरी दिसू लागली. ज्याच्या निंबोळीच्या अर्काने आपण पिकांवरील कीड आवरतो, तोच वृक्ष रोगग्रस्त झालेला पाहून लोक चिंतातुर झाले.

राजेंद्रनगर येथील कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या रोगाचे मूळ फोमोप्सिस अझाडिराक्टी या बुरशीत असल्याचे सांगितले. या बुरशीचे शास्त्रीय वर्णन भारतातूनच १९९७ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे रोग अगदी नवा नव्हे. पावसाचे शिंतोडे, वारा व रोगट बी यांतून तो पसरतो. ढेकण्या हा कीटक कोवळ्या फुटीतील रस शोषतो, तेव्हा झालेल्या जखमांतूनही बुरशीस शिरकाव मिळतो. रोग पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्याच्या आरंभी बळावतो. मोहोर व फळेही त्यास बळी पडत असल्याने निंबोळीचे मोठे नुकसान होते.

तथापि शेंडे वाळले म्हणजे वृक्ष मेला, असे मानू नये. जाड फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा ओलावा आढळल्यास झाड जिवंत आहे. अशा बहुतेक झाडांना वसंतात पुन्हा पालवी फुटते. मात्र दरवर्षी रोग येत राहिल्यास झाड दुर्बळ होते. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. हाताशी येणाऱ्या वाळक्या फांद्या, खालचा थोडा निरोगी भाग घेऊन, कोरड्या हवेत छाटाव्यात व जाळून टाकाव्यात.
२. रोपवाटिकेसाठी निरोगी झाडाचेच बी निवडावे.
३. लहान झाडांवर बुरशीनाशक फवारणे झाल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच, योग्य मात्रेत फवारावे. विहिरी, गुरे व मधमाश्या यांस अपाय होऊ देऊ नये.
४. उंच झाडांवर फवारणी करणे अवघड असते. तेथे वसंतातील पालवीची वाट पाहावी.

शिक्षकांनी आवारातील एखाद्या झाडाची नोंद विद्यार्थ्यांकडून महिन्यागणिक ठेववावी. पाडव्याला ज्याची पाने व उगादीला ज्याची फुले आपण घेतो, त्यावर एक वसंत पाहिल्यावाचून कुऱ्हाड चालवू नये.