नर की मादी? वाळूलाच विचारा!

मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञानाशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच सुटला होता. तो पुन्हा जडला वेळासच्या किनाऱ्यावर.

गेल्या मार्चमध्ये आम्ही काही मित्र कल्याणहून रत्नागिरी जिल्ह्यातील या गावी कासवांची पिल्ले पाहावयास गेलो होतो. पूर्वी येथे कासवांची अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करीत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम आरंभिले. ऑलिव्ह रिडले कासवाच्या घरट्यातील शंभरएक अंडी जाळीच्या कुंपणात, तशाच खड्ड्यात पुरली जातात.

पिल्ले पाण्याकडे निघाली तेव्हा मी एका गावकऱ्याला विचारले, "काका, यांत नर किती?"

"ते बघून नाय कळायचं. वाळू किती तापली, त्यावर असतं ते!"

मला ही थट्टाच वाटली. परत आल्यावर ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा काकांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

माणसात पित्याकडून आलेले गुणसूत्र लिंग ठरविते. (तरीही मुलगी झाली की बोल मात्र आईला!) सापांतही गुणसूत्रेच निर्णायक, मात्र तेथे भिन्न जोडी बहुधा मादीजवळ असते. सागरी कासवांत आणि मगरींत अशी लिंग-गुणसूत्रेच नाहीत. अंडी उबण्याच्या काळाच्या मधल्या तिसऱ्या भागातील तापमान निकाल देते. उष्णतेने एक विकर जोमाने काम करू लागते, स्त्री-संप्रेरके वाढतात व मादी घडते. कासवांत साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअस ही सीमारेषा. खाली नर, वर माद्या. आपल्या मगरीचा न्याय निराळा : ३१ अंशांखाली माद्या, ३२.५ च्या सुमारास नर. ऑस्ट्रेलियातील एका दाढीवाल्या सरड्यात तर गुणसूत्रांनी नर असलेला गर्भ अतिउष्णतेत मादी होतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले.

आता खरी चिंता. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांच्या पिलावळीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ साली आढळले. पृथ्वी तापत राहिली तर नर कोठून येणार?

म्हणूनच, मित्रहो, अंडी वाचविणे एवढ्याने काम संपत नाही. खड्डा किती खोल, त्यावर सावली किती, हेही पाहावयास हवे. अंडी हलविणारा हात नकळत नर-मादीचा निवाडाही करीत असतो.