एका दिवसात सॅल्मनही, तळाचे मासेही?

प्रश्न : माझा मुलगा सिएटलला असतो. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. समुद्रात बोटीने जाऊन मोठा सॅल्मन आणि तळाचे मासे एकाच दिवशी गळाला लावायचे, असं त्याच्या मनात आहे. मी अलिबागकडच्या खाडीत गळ टाकतच वाढलो, पण तिकडच्या समुद्राची काही कल्पना नाही. बेत कसा आखावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एका दिवसात दोन्ही जमतं, तशा बोटीही मिळतात. तरी हातात दोन दिवस असतील तर दोन वेगळ्या फेऱ्या करा, असंच मी सांगेन. कारण हे मासे दोन अगदी वेगळी आयुष्यं जगतात.

तुमच्या मुलाच्या डोळ्यांपुढे असलेला मोठा सॅल्मन म्हणजे चिनूक. तिकडे त्याला ‘किंग’ म्हणतात. (आपल्या रावसाला बाजारात इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचं काही नातं नाही.) तो नदीत जन्मतो, समुद्रात काही वर्षं वाढतो, बहुधा तीन ते पाच वर्षांचा झाला की आपल्याच नदीत परततो, एकदाच अंडी घालतो आणि मरतो. समुद्रात असेपर्यंत तो हेरिंग, अँचोव्ही अशा लहान माशांच्या थव्यांमागे सतत फिरत असतो. काल जिथे लागला तिथे आज लागेलच असं नाही. तळाच्या माशांचं उलट. रॉकफिश आणि लिंगकॉड खडप धरून राहतात, आणि रॉकफिशपैकी पिवळ्या डोळ्यांची नारिंगी जात तर शंभर वर्षांहूनही जास्त जगते. सॅल्मनच्या दिवशी नाखवा पक्षी, पाण्याचा रंग आणि इतर बोटींच्या खबरी बघत हिंडणार. तळाच्या दिवशी तो ठरलेल्या खडपावर बोट नेऊन उभी करणार. दोन्ही एकाच दिवसात कोंबलं, तर बराचसा वेळ नुसत्या प्रवासात जातो.

जागा म्हणून वेस्टपोर्ट बघा. सिएटलहून मोटारीने अडीच तासांच्या आसपास, ग्रेज हार्बर या उपसागराच्या तोंडाशी वसलेलं मासेमारीचं गाव. भाड्याच्या बोटी भरपूर. सॅल्मनसाठी ते उत्तम, मात्र जवळपासचा तळ बराचसा वाळूचा आहे, खडपांसाठी उत्तरेकडे लांब जावं लागतं. दोन्ही एकाच दिवसात उरकायचा मुलाचा हट्टच असेल तर नीआ बे बरं. ते वॉशिंग्टन राज्याच्या अगदी वायव्य टोकाला, मकाह लोकांच्या राखीव प्रदेशात आहे आणि तिथे खडप जवळ आहेत. सिएटलहून रस्ता चार तासांहून जास्त, म्हणून मुक्काम करावा लागेल. मुक्काम केलात तर मकाह संग्रहालय चुकवू नका. चिखलाच्या लोंढ्याखाली शतकानुशतकं गाडल्या गेलेल्या ओझेट गावातल्या लाकडी वस्तू तिथे ठेवल्या आहेत. मासेमारांच्या घरातल्या माणसाला त्या बघून फार आनंद होतो.

तारखा ठरवताना घाई नको. त्या किनाऱ्यावरचा सॅल्मनचा मोसम दर वर्षी नव्याने ठरतो. पॅसिफिक मत्स्य व्यवस्थापन परिषद एप्रिलमध्ये त्या वर्षीचे दिवस आणि वाटा ठरवते, आणि वाटा संपला की मोसम आधीच आटोपतो. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी सागरी सॅल्मनची मासेमारी संपूर्ण बंद होती. म्हणून बोट एप्रिलनंतर ठरवा, आणि मोसम अचानक बंद झाला तर आगाऊ रकमेचं काय, हे लेखी विचारून घ्या. तुमचा ऑगस्ट चांगला आहे. कोलंबिया नदीकडे निघालेले किंग तेव्हा किनाऱ्याजवळ असतात. हॅलिबट हा तिकडचा प्रचंड चपटा मासा. त्याची मुख्य धामधूम वसंतात असते, तेव्हा त्याच्या आशेवर राहू नका.

‘मोठा’ म्हणजे किती, हेही आधीच ठरलेलं बरं. गळाला लागलेल्या किंगचा विक्रम ४४ किलोंचा आहे. तो १९८५ साली अलास्कातल्या केनाई नदीत लागला होता. वेस्टपोर्टसमोर पाच ते दहा किलोंचा लागला तरी समाधान माना. पंधराच्या पुढचा म्हणजे त्या दिवशी धक्क्यावर सगळे बघायला येतील.

आता समुद्र. माझ्या मते या बेतातला सर्वात गंभीर भाग हाच. उपसागराच्या तोंडाशी वाळू साचून तळ वर आलेला असतो. ओहोटीचं पाणी वेगाने बाहेर धावत असताना बाहेरून मोठी लाट आली, की दोन्ही तिथेच भिडतात आणि लाट उभी राहून फुटते. खाडीचं तोंड तुम्हाला परिचयाचं आहेच, पण तिथे मागे सारा प्रशांत महासागर आहे. अंदाज वाचताना लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघा. दोन मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर बोट सावकाश वर चढते, सावकाश उतरते. तेवढीच लाट सहा सेकंदांनी आली तर हाडं खिळखिळी होतात. उन्हाळ्यातला वायव्येचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचं थंडगार, पोषक पाणी वर येतं. मासे त्यामुळेच एवढे, आणि ऑगस्टमधलं सकाळचं धुकंही त्यामुळेच. दुपारी वारा वाढतो, म्हणून बोटी पहाटे निघतात. नाखव्याने ‘आज नको’ म्हटलं तर एक शब्दही वाद घालू नका. मुलालाही आधीच बजावून ठेवा.

ऑगस्ट असला तरी लोकरीचे कपडे आणि पावसाळी कोट घ्या. बोट लागण्याची गोळी आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. तुमची दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो, शिवाय सॅल्मनची नोंद करायचं कार्डही. दोन्ही बहुतेक वेळा बोटीच्या कार्यालयातच मिळतात.

गळाबद्दल एक फरक लक्षात ठेवा. तिथे सॅल्मनसाठी गरीला उलटा काटा चालत नाही, त्यामुळे दोरी क्षणभर सैल सोडली तरी मासा निसटतो. मासा जवळ आला की नाखवा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघेल. तो कापलेला असेल तर मासा पैदास केंद्रातला, शाबूत असेल तर बहुतेक जंगली. कोहो जातीच्या सॅल्मनमध्ये जंगली मासा सोडायचाच असतो आणि त्याला बोटीत घेणंही बेकायदा आहे. किंग की कोहो, हे हिरड्यांवरून कळतं. किंगच्या दातांच्या बुडाशी हिरडी काळी असते.

तळाच्या मासेमारीत तुमचा हात लवकर बसेल. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं, एवढं तुम्हाला सांगायला नको. गळाला लागलेला रॉकफिश वर येताना दोरी अचानक जड झाली तर हिसका देऊ नका. लिंगकॉडने त्याला जबड्यात धरलेलं असतं. गरी त्याला लागलेलीच नसते, नुसत्या हावेपायी तो वर येतो. सावकाश ओढा आणि त्याचं डोकं पाण्याबाहेर येण्याआधी जाळं खाली घाला.

आणि पिवळ्या डोळ्यांचा रॉकफिश लागला तर तो सोडावाच लागतो, वॉशिंग्टनमध्ये तो ठेवायला बंदी आहे. पण नुसता पाण्यात टाकला तर तो वाचत नाही. वीस-तीस वाव खोलीवरून वर येताना त्याची हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून डोकावतं. मग तो पृष्ठभागावरच तरंगत राहतो आणि पक्षी त्याला टिपतात. यासाठी वजन लावलेला एक चिमटा असतो. तो जबड्याला लावून मासा परत खोल सोडतात, दाब वाढला की हवा आक्रसते आणि मासा पोहून जातो. हा चिमटा बोटीवर असणं तिथे कायद्यानेच सक्तीचं आहे. बोट ठरवतानाच तो कुठे ठेवलाय, कोण वापरतो, असं विचारा. उत्तर चटकन आलं तर नाखवा कामाचा माणूस समजा. तुमच्या आजोबांच्याही आधी जन्मलेला मासा तुमच्या हातात असू शकतो, त्याला चार मिनिटं द्यायला कुणाची ना नसावी.

ठेवायचा मासा लगेच कल्ल्यापाशी कापून रक्त काढा आणि बर्फात घाला. सॅल्मन कच्चा खायची मुलाची इच्छा असेल तर उणे २० अंशांवर सात दिवस गोठवल्याशिवाय नको, त्यात परजीवी असू शकतात. लिंगकॉड रवा लावून तळायला फार छान. कापल्यावर मांस निळसर-हिरवं निघालं तर टाकून देऊ नका, तव्यावर पडताच ते पांढरंशुभ्र होतं.