नवा कॉम्प्युटर घेण्याआधी

चि. सोनू,


कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत दाखल्यासाठी आलेली माणसं ताटकळतात, म्हणून कर्ज काढून नवा घ्यायचं म्हणालीस. शिनोलीतल्या तुझ्या कामाला तो जुना अजून पुरेल, असं माझं ठाम मत आहे. फक्त तो नेमका कुठे अडतोय ते आधी शोध.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलंस की टास्क मॅनेजर उघडेल. काम रखडलेलं असतानाच प्रोसेसर (सीपीयू), मेमरी आणि डिस्कचे रकाने बघ. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर अडचण बहुधा हार्ड डिस्कची. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. शेकडो बारीक फायली हव्या असल्या की त्या शोधत हेड इकडून तिकडे फिरतं आणि सगळा वेळ त्यातच जातो. तिच्याऐवजी बसवता येणाऱ्या एसएसडीत हलणारा भागच नसतो. म्हणून पहिला पैसा तिथे घाल. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या मदरबोर्डलाही बसते. मेमरी भरलेली दिसली तरच रॅम वाढव. पण विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर घातलेली रॅम वाया जाईल.

डिस्क बदलण्याआधी बॅकअप घे. तेव्हाच डाउनलोड फोल्डरही उघड. लोकांची आधार कार्डं, पासबुकं तिथे साठली असतील. काम झालं की ती पुसायची. माणसं विश्वासानं कागद देतात गं, ते असे पडून राहता कामा नयेत.

दुकान रस्त्याला लागून आहे, भीमाशंकरच्या गाड्यांची धूळ दिवसभर आत येते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ती साचली की प्रोसेसर तापतो आणि आपणहून वेग कमी करतो. पिन काढून कॅबिनेट उघड, मऊ ब्रशनं धूळ सोडव. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, गरगर फिरू देऊ नकोस.

वेग वाढवून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं अजिबात टाकू नकोस. स्टार्टअपमधली नको ती बंद कर आणि अँटिव्हायरस एकच ठेव.

राहता राहिली विंडोज १०. तिचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं, ते जुन्या यंत्रात बहुतेक नसतं. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकता येईल; ते फुकट आहे, हलकंही चालतं. मात्र तुझं अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे पेनड्राइव्हवरून सुरू करून तपासल्याशिवाय विंडोज काढू नकोस. ते चालले नाहीत, तर लोकांच्या बँकेच्या कामापुरता तरी नवा घ्यावाच लागेल. तेव्हा मी आडवा येणार नाही.

टास्क मॅनेजरचा फोटो काढून मला पाठव. एसएसडी आणायला मंचरला आपण दोघं जाऊ.

तुझा,
मामा