उद्योगाचे सामाजिक दायित्व : दान की व्यवहार?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी प्रश्न टाकला, "कारखानदाराने समाजासाठी पैसा खर्च केला, तर त्यात त्याचा फायदा कोणता?" वर्गात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, हे दान आहे. दानात फायदा पाहू नये. दुसरा म्हणे, ही निव्वळ जाहिरात. मी तेव्हा गप्प बसलो. नंतर जो विचार केला, तो येथे मांडतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय. पैसा भागधारकांचा, तो परस्पर वाटण्याचा अधिकार व्यवस्थापकाला कोणी दिला? हा मुद्दा सहज उडवून लावण्याजोगा नाही.

परंतु आपल्याच महाराष्ट्रातील उदाहरण पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील उजाड माळावर कारखाना काढला. घरे, पाणी, शाळा यांची सोय केल्याखेरीज अशा जागी कामगार टिकलाच नसता. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रखवालीचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी प्रथम त्यांचा नांगर घेईनात. अशा काळात कारखान्याला तारते ती माणसांची निष्ठा. आणि ती केवळ पगाराने विकत मिळत नाही. तेव्हा किर्लोस्करवाडीत लोकहित आणि धंद्याचे हित वेगळे काढताच येत नाही.

आज हे दायित्व कायद्यात आले आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. गंमत अशी की, केवळ आपल्या कामगारांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. म्हणजे लक्ष्मणरावांनी बांधलेली कामगारांची घरे आजच्या हिशेबात बसली नसती!

आता आपल्या कळमनुरीचा विचार करू. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. हे न्याय्य आहे. कारण कारखान्याच्या धुराचा त्रास तेथेच होतो. पण जेथे कारखाना नाही, कापूस, सोयाबीन आणि हळद यांवरच संसार चालतो, तेथे हा पैसा कोण आणणार? फायद्याच्या ओढीने येणारी मदत फायदा असेल तेथेच जाते.

म्हणून माझे मत असे : सामाजिक दायित्वाने उद्योगाचा फायदा होतो, मात्र तो वर्षाच्या ताळेबंदात नव्हे, अडचणीच्या काळात दिसतो. त्याच कारणाने आपल्यासारख्या तालुक्याने शाळा, पाणी, दवाखाना यांसाठी त्यावर विसंबून राहू नये. ते शासनाचे कर्तव्यच आहे, आणि ते मागणे हे आपले.